खगोलविज्ञान आणि मराठी : पाटणच्या शिलालेखापासून औंढ्याच्या वेधशाळेपर्यंत

खानदेशात चाळीसगावच्या दक्षिणेस पाटण नावाचे स्थान आहे. तेथील देवीच्या देवळात आढळलेला शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६–०७ चा, एक शिलालेख इतिहास-संशोधकांना सुपरिचित आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चे आणि कुळातील इतर ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने येथे एक मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील मांडलिकांनी त्यास दान दिले, असा त्या लेखाचा आशय. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. मराठीच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र त्याच्या अखेरच्या ओळींकडे जाते. कुळाची प्रशस्ती आणि विद्येचे वर्णन संस्कृतात आहे. मठाला बाजारातील देवघेवीतून, तेलाच्या घाण्यांवरून काय मिळावे, हा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे.

मराठी आणि खगोलविद्या यांच्या संबंधाचा हा फार जुना पुरावा होय, आणि त्यात या संबंधाचे स्वरूपही उमटलेले दिसते. विद्या एका भाषेत आणि तिच्या पोटापाण्याची तजवीज दुसऱ्या भाषेत, अशी ही वाटणी. आठशे वर्षांनंतर संस्कृतच्या जागी इंग्रजी आली आहे, एवढाच फरक. नारायणगावजवळील खोडद येथे जगातील एक महत्त्वाची रेडिओ दुर्बीण उभी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. पुण्यात खगोलविज्ञानाच्या दोन अग्रगण्य संस्था आहेत. यंत्रे मराठी मुलखात आहेत, जमीन आणि शेजार मराठी आहे. संशोधननिबंध मात्र इंग्रजीत लिहिले जातात. ही वाटणी अटळ आहे काय, आणि भौतिकशास्त्र वा खगोलविज्ञान यांत जीवितकार्य शोधणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या वाटणीला एक ठळक अपवाद आहे, आणि त्यापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरुड येथे झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, व्यवसाय शिक्षकाचा. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, ते निवर्तले. वेदकाळापासून आपल्या समकालीनांपर्यंतच्या ज्योतिर्गणिताचा हा इतिहास. तो कोणत्याही इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद किंवा सारांश नाही. दीक्षितांनी पोथ्या मिळवल्या, त्यांतील गणित स्वतः करून पाहिले, ग्रंथकारांचे काळ ठरवले आणि ते सारे मराठीत लिहिले. इंग्रजी त्यांना परकी नव्हती. गुप्त राजांच्या शिलालेखांवरील फ्लीट यांच्या ग्रंथासाठी कालगणनेचे काम त्यांनी केले होते; रॉबर्ट स्यूएल यांच्या सहकार्याने भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथही लिहिला. तरी मुख्य संशोधन त्यांनी मराठीतच मांडले. परिणाम असा झाला, की पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या ग्रंथाचे हिंदीत आणि इंग्रजीत भाषांतर करावे लागले. ज्ञानाचा प्रवाह मराठीतून बाहेर वाहिल्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या क्षेत्रात दुसरे सहजी सापडत नाही.

दीक्षितांच्या पद्धतीचा एकच नमुना पाहावा. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे विधान आहे. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिसावकाश डोलतो आणि सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो. यालाच अयनचलन म्हणतात. त्यामुळे ताऱ्यांची उगवण्याची ठिकाणे शतकागणिक सरकतात. जो तारा विषुववृत्तावर असेल तोच ठीक पूर्वेस उगवेल. तेव्हा कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या, याचे गणित केले की विधानाचा काळ मिळतो. दीक्षितांच्या मते तो इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि ते मिटलेले नाहीत. विधान प्रत्यक्ष निरीक्षणाचे की परंपरेने चालत आलेले, हा मुख्य आक्षेप. परंतु भाषिक पुराव्याला आकाशाचे गणित लावून तपासण्याची ही रीत मराठी गद्यात सव्वाशे वर्षांपूर्वी किती स्वच्छपणे मांडली गेली, हे साहित्याच्या अभ्यासकानेही वाचण्यासारखे आहे. दीक्षितांचे ‘ज्योतिर्विलास’ हे सामान्य वाचकांसाठीचे पुस्तकही त्याच शैलीची साक्ष देते.

दीक्षित एकाकी नव्हते. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये निघाली होती. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांची गाठ पुन्हा घालून देण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्रीय कुळातील बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित आणि ज्योतिष शिकवीत होते, आणि त्यांचे ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये वेधशाळा उभारली. तीतील २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील मोठ्या दुर्बिणींत गणली जाई. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद करून उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. संस्था एका व्यक्तीवर उभी राहिली की तिचे काय होते, याचा हा धडा पुण्याने बराच आधी घेतला म्हणावयाचा.

याच काळातील एका गोड गैरसमजाचा उल्लेख येथे केला पाहिजे. विजयदुर्ग किल्ल्यावरील ओटे दाखवून, १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी येथूनच हेलियमचा शोध लावला, असे पर्यटकांना सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाची छाया कोकणातून जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण अशी गेली हे खरे. सूर्याच्या तेजःशृंगांचा वर्णपट भारतात अनेकांनी पाहिला. त्यांपैकी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाही, त्यांनी तेथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट मिळवला आणि त्यातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळत नाही असे त्यांच्या लक्षात आले. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. त्याच ग्रहणाचे वेध नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. विजयदुर्गचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. मात्र जेऊरचा वेध, जो एका भारतीय प्राध्यापकाने घेऊन त्याचा तपशीलवार अहवाल छापला, तो कोणाच्या स्मरणात नाही आणि लॉकयरची दंतकथा सर्वांना पाठ आहे, हे थोडे विचार करावयास लावणारे आहे.

विसाव्या शतकात विद्येची भाषा निश्चितपणे इंग्रजी झाली. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. सापेक्षतेच्या सिद्धान्तावर भारतात फारसे कोणी काम करीत नव्हते, तेव्हा त्यांनी तेथे एक परंपरा निर्माण केली. प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनी प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाविषयीचे आपले प्रसिद्ध उत्तर याच परंपरेत, १९४३ मध्ये, मांडले. मराठी भाषक प्राध्यापक, गुजराती विद्यार्थी आणि काशीचे केंद्रीय विद्यापीठ असा हा योग आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाचे विज्ञानातील कार्य केवळ प्रादेशिक इतिहासात बसवता येत नाही, ते यामुळेच.

त्यांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या निधनाने या परंपरेचे एक पर्व २० मे २०२५ रोजी संपले. केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांच्यासह केलेले संशोधन, १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुनरागमन, १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राची उभारणी, हे सर्व सुविदित आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आपली आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये हा हेतू. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि २०२१ च्या नाशिक येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका खगोलवैज्ञानिकाला मराठी साहित्यव्यवहाराने आपला मानले, ही गोष्ट सामान्य नाही. तरीही दीक्षित आणि नारळीकर यांच्यातील अंतर नोंदवले पाहिजे. दीक्षितांनी संशोधनच मराठीत केले. नारळीकरांनी संशोधन इंग्रजीत केले आणि मराठीत ते समजावून दिले, त्यावर कथा रचल्या. हा दोष कोणाचाच नव्हे. जागतिक सहकार्याने चालणाऱ्या विज्ञानात दुसरे काही संभवतही नव्हते. परंतु मराठीचे काम ‘शोधणे’ येथून ‘समजावणे’ येथे आले, आणि समजावण्याचे कामही किती जणांनी केले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

खोडदची दुर्बीण

आता यंत्रांकडे वळू. महाराष्ट्रातील रेडिओ खगोलशास्त्राचा आरंभ कल्याणजवळ झाला. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) अमेरिकेतून परतून १९६३ मध्ये टाटा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या त्यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ मांडून सूर्याचा अभ्यास सुरू केला. नंतर १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण आली, जी डोंगराच्या उतारावर अशी बसवली आहे की तो उतार तेथील अक्षांशाइतका असल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. १९९० च्या दशकात खोडदची ‘जीएमआरटी’ उभी राहिली.

येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतील १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर पसरलेल्या आहेत. कमाल अंतर सुमारे २५ किलोमीटर. इतक्या दूर ठेवण्याचे कारण असे, की दुर्बिणीला बारकावे किती दिसणार हे तिच्या विस्तारावर अवलंबून असते. दूरदूरच्या तबकड्यांनी पकडलेले संकेत एकत्र जुळवले, तर बारकाव्यांपुरती ती २५ किलोमीटरची एकच दुर्बीण असल्यासारखी काम करते. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नसून बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांहून पुष्कळ मोठी असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने ती जाळी आरशासारखीच असते. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. दोरांनी ताणलेल्या जाळीची ही रचना स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची स्वतःची. खोडदची निवडही विचारपूर्वक झाली. पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर, भोवती डोंगरांचा आडोसा, रेडिओ गोंगाट कमी, आणि चुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे दूर असल्यामुळे वरील आयनांबर तुलनेने शांत.

ही शांतता हाच आज कळीचा प्रश्न आहे. दूरच्या दीर्घिकेतून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की परिसरातील मोबाइल मनोरे, कारखाने, विजेवर धावणाऱ्या गाड्या यांचा गोंगाट त्याला सहज बुडवून टाकतो. पुणे–नाशिक अर्धअतिवेगवान रेल्वेच्या मूळ आखणीचा पेच यातूनच निर्माण झाला आणि मार्ग दुर्बिणीच्या परिसरापासून दूर नेण्याची भूमिका घ्यावी लागली. रेल्वे हवीच आणि दुर्बीणही हवीच, अशा वादात दुर्बिणीची बाजू मांडणे भाषेवाचून शक्य नाही. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला, ग्रामपंचायतीला हायड्रोजनची रेषा म्हणजे काय हे मराठीत कळले, तरच त्या शांततेचे मोल कळेल.

ती रेषा समजणे अवघड नाही. हायड्रोजनचा अणू विशिष्ट अवस्थाबदलात २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सुमारे १,४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर वाटेत ताणली जाते आणि तिची वारंवारता घटते. किती घटली यावरून ती केव्हा निघाली हे कळते. भारतीय विज्ञान संस्था आणि कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२३ च्या आरंभी जाहीर केलेल्या वेधात खोडदच्या दुर्बिणीने हीच लहर सुमारे ६२० मेगाहर्ट्झला टिपली. ती सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली होती. इतक्या दूरच्या एकाच दीर्घिकेचा हा संकेत ऐकू आला, तो वाटेत आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेने आपल्या गुरुत्वाने भिंगासारखा त्याला मोठा केला म्हणून. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, स्पंदक ताऱ्यांचा घड्याळासारखा उपयोग करून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींची चाहूल लागल्याचे जगभरच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केले. युरोपीय गटासह काम करणाऱ्या भारतीय गटाची निरीक्षणे खोडदची होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून, विश्व सुमारे १५० कोटी वर्षांचे असतानाची एक सुघटित सर्पिल दीर्घिका शोधल्याचे प्रसिद्ध झाले. इतक्या लवकर असा रेखीव आकार तयार होईल अशी अपेक्षा नव्हती. तिला नाव दिले ‘अलकनंदा’. ‘आयुका’च्या गटाने २०१७ मध्ये शोधलेल्या दीर्घिकांच्या महासमूहाचे नाव ‘सरस्वती’. शोधांना नद्यांची नावे मिळत आहेत, निबंध मात्र इंग्रजीत आहेत. पाटणच्या शिलालेखातील वाटणी किंचित सरकली आहे, एवढेच.

औंढा

मराठी वाचकाच्या मनात औंढा नागनाथ हे नाव नामदेव आणि विसोबा खेचर यांच्याशी जोडलेले आहे. ‘खेचर’ म्हणजे आकाशात संचार करणारा. ज्योतिषाच्या ग्रंथांत हाच शब्द ग्रहासाठी येतो. या योगायोगाला फार अर्थ देण्याचे कारण नाही, पण तो नजरेआड करणेही जड जाते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथम टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ते जाहीर झाले. चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन भुजांच्या लांबीत लहरीमुळे पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म होता. असा संकेत गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी, तो कसा दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करून मिळालेल्या नोंदीशी ताडून पाहावे लागतात. या पद्धतीचा पाया घालण्यात ‘आयुका’चे संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांचा वाटा मोठा आहे. म्हणजे यंत्र येण्यापूर्वी पंचवीस वर्षे त्याचे गणित पुण्यात चालले होते. भारतातील वेधशाळेची आवश्यकता भूमितीची आहे. दोन ठिकाणी संकेत किती मिलिसेकंदांच्या अंतराने पोचला, यावरून तो आकाशाच्या कोणत्या पट्ट्यातून आला एवढेच कळते. दूरवर आणखी वेधशाळा असेल तर तो पट्टा आकसून छोटा ठिपका होतो आणि अन्य दुर्बिणी तिकडे वळवता येतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास अंतिम मान्यता दिली. या दशकाच्या अखेरीस ती कार्यान्वित व्हावी अशी योजना आहे; अशा योजना लांबतात, हा अनुभवही जमेस धरावा.

विद्यार्थ्यापुढील वाटा

या सर्वांतून विद्यार्थ्याला काय मिळते? प्रथम रोखठोक सांगितले पाहिजे, की शुद्ध खगोलसंशोधनातील कायम पदे देशात मोजकी आहेत. पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएच. डी.साठी पाच-सहा वर्षे, नंतर बहुधा परदेशात पीएच. डी.नंतरच्या संशोधनवृत्तीच्या दोन-तीन फेऱ्या, आणि मग पद मिळाले तर मिळाले. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. पूर्वीच्या मानाने बरी, पण घरची जबाबदारी असलेल्याला विचार करावयास लावणारीच. आकाशाची ओढ एवढ्या भांडवलावर या मार्गाला लागू नये. गणित आणि भौतिकशास्त्र यांची आवड हे खरे भांडवल.

बारावीनंतर ‘आयसर’ संस्था, भुवनेश्वरची ‘नायसर’ आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातील मूलभूत विज्ञानांचे केंद्र (या दोहोंसाठी ‘नेस्ट’ परीक्षा), तिरुवनंतपुरमची अवकाश विज्ञान संस्था, हे थेट मार्ग. परंतु साध्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढे ‘जॅम’, ‘जेस्ट’, ‘नेट’ यांतून येणाऱ्यांची वाटही तितकीच रुळलेली आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही ती बंद नाही. ‘आयुका’ची स्थापनाच विद्यापीठांसाठी झाली आहे. तिच्या सहयोगी योजनेमुळे लहान गावातील प्राध्यापक तेथे जाऊन काम करू शकतो, सुट्टीतील अभ्यासक्रमांना पदवीचे विद्यार्थी येऊ शकतात. खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणे साधारण दीड वर्षानंतर सर्वांसाठी खुली होतात. या सोयींचा लाभ महाराष्ट्राबाहेरील मराठी विद्यार्थ्यालाही तितकाच आहे.

संशोधकांच्या मानाने अभियंते आणि तंत्रज्ञ यांची गरज अधिक असते, याकडे मात्र दुर्लक्ष होते. खोडदच्या तबकड्या फिरवणारी यंत्रणा, त्यांचे ग्राही, काचतंतूंच्या वाहिन्या, संगणक हे सांभाळण्यास इलेक्ट्रॉनिक्स, यंत्र, संगणक या शाखांची माणसे लागतात. आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले. त्यावरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण ‘आयुका’ने तयार केली. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथे उभ्या राहणाऱ्या ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’त भारत १,२५० कोटी रुपयांच्या मान्यतेसह २०२४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, तेथील दुर्बिणींच्या नियंत्रणाच्या संगणकप्रणालीत पुण्याचा वाटा आहे. औंढ्याला आठ किलोमीटर पोलादी नळी निर्वात ठेवावयाची आहे. तिचे जोडकाम करणारा कारागीरही या विज्ञानाचा भाग आहे.

भाषेची पायरी नेमकी कोठे तुटते, हेही पाहिले पाहिजे. मराठी माध्यमातून शाळा शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत विज्ञान एकाएकी इंग्रजीत सुरू होते. २०२१ पासून जेईई मुख्य परीक्षा मराठीतही देता येते, परंतु पुढच्या ‘जॅम’, ‘जेस्ट’ या परीक्षा इंग्रजीत आणि ‘नेट’ इंग्रजी व हिंदीत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला आणखी एक अडचण आहे. इंदूरच्या शाळेत तो ‘द्रव्यमान’, ‘आवृत्ति’, ‘तरंगदैर्घ्य’ शिकतो. मराठी पुस्तकात त्याला ‘वस्तुमान’, ‘वारंवारता’, ‘तरंगलांबी’ भेटतात. ‘आवृत्ती’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुस्तकाची आवृत्ती येते. ‘दीर्घिका’ हा शब्द मराठीत रुळला, हिंदीत ‘मंदाकिनी’ किंवा ‘आकाशगंगा’. मराठी विश्वकोशाने आणि भाषा संचालनालयाच्या कोशांनी परिभाषा घडवण्याचे मोठे काम केले, यात शंका नाही. पण कोशात शब्द असणे आणि त्या शब्दांनी सलग दहा पाने विचार करता येणे, या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तके आणि निबंध लिहिल्याशिवाय साधत नाही. संज्ञा इंग्रजीच ठेवून वाक्य मराठी लिहिले तरी चालेल. ‘क्वासार’ला प्रतिशब्द नसल्यामुळे कोणाचे आकलन अडलेले नाही, वाक्याचा अन्वय लागत नसल्यामुळे मात्र पुष्कळांचे अडते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी ऑलिंपियाड झाले. अशा ऑलिंपियाडांची एक रीत आहे. प्रश्नपत्रिका ठरल्यावर निरनिराळ्या देशांचे संघनायक एकत्र बसतात आणि परीक्षेच्या आत ती आपापल्या भाषांत उतरवतात. विद्यार्थी आपल्या भाषेत वाचतो, आपल्या भाषेत उत्तर लिहितो, आणि गुण भौतिकशास्त्राचे मिळतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते, तेव्हा आसपासच्या शाळांतील मुले हजारोंनी येतात आणि तबकडीखाली उभे राहून केंद्रातील माणसे त्यांना त्यांच्या भाषेत उत्तरे देतात. औंढ्याच्या भुजा अजून उभ्या राहावयाच्या आहेत. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या शाळांतून जी मुले आज आठवीत आहेत, ती वेधशाळेतील पहिली लहर टिपली जाईपर्यंत पदवीच्या वर्गात असतील.